सोन्यावर अँटीबॉडी बसवा: ठाणे ते कल्याण, सर्व नवशिक्यांसाठी

साहित्य: सोन्याचा इलेक्ट्रोड एक, अँटीबॉडी थोडी, एका दमात नाव घेता न येणारी रसायनं दोन-तीन, फ्रिज, पोटेन्शिओस्टॅट आणि एक गाइड. गाइड विद्यापीठाकडून मिळतो, बाकीच्या वस्तूंची ऑर्डर द्यावी लागते. वेळ: एक दिवस, असं शोधनिबंधात लिहिलेलं असतं. पावसाळा असेल तर जास्त धरा.

कल्पना इतकी सोपी आहे की नुसत्या कल्पनेवर भाळून माणसं पीएच.डी.ला नाव घालतात. अँटीबॉडी म्हणजे इंग्रजी ‘वाय’च्या आकाराचं प्रथिन. त्याच्या वरच्या दोन टोकांना एकच ठरावीक रेणू धरता येतो, दुसरा नाही. ही अँटीबॉडी सोन्यावर बसवायची, वर रक्ताचा थेंब सोडायचा. थेंबात तो रेणू असला तर अँटीबॉडी त्याला धरते, सोन्याच्या पृष्ठभागाची विद्युत वागणूक बदलते आणि ती आपण मोजतो. झालं. एलायझा ही चाचणी 1971 साली स्टॉकहोममधून आली. तिच्यात रंग दाखवणारं एन्झाइम दुसऱ्या अँटीबॉडीला जोडून वरून सोडावं लागतं. इथे रंग नाही, दुसरी अँटीबॉडी नाही, खूण म्हणून काहीच नाही. म्हणून याला लेबल-फ्री म्हणतात. फ्री हा शब्द वाचून खर्चाबद्दल गैरसमज करून घेऊ नका.

आपल्या बाजूला ही विद्या पाहायची तर पवईला जायचं. तिथल्या आयआयटीतल्या नॅनोइलेक्ट्रॉनिक्स केंद्रात व्ही. रामगोपाल राव यांच्या गटाने हृदयविकाराचा झटका लवकर ओळखण्याचं उद्दिष्ट ठेवून पॉलिमरच्या सूक्ष्म पट्ट्यांवर अँटीबॉडी बसवल्या. रेणू येऊन बसला की पट्टी किंचित वाकते आणि तिच्यातला रोध बदलतो. जात तीच, लेबल-फ्री. पॉलिमरवर अँटीबॉडीला धरायला काहीच नसतं, म्हणून त्यांनी 2007 च्या सुमारास तापलेल्या तारेवर अमोनिया फोडून पृष्ठभागावर अमिन गट उगवले. त्यात द्रवाचा थेंब लागत नाही. आपल्याकडे तापलेली तार नाही, आपण सोन्यावर आणि पाण्यात काम करणार आहोत. शिवाय डोंबिवलीहून पकडलेली फास्ट लोकल पवईजवळच्या कांजूरमार्गला थांबत नाही. ठाण्याला उतरून स्लो धरावी लागते, आणि बर्फाच्या डब्यातलं सामान गर्दीला घाबरत नसलं तरी उशिराला घाबरतं.

आधी सोनं. राम मारुती रोडवरच्या सराफाकडचं चालणार नाही. बावीस कॅरेटमध्ये तांबं आणि चांदी असते, त्यामुळे मोजमापात तीही आपापलं मत नोंदवतात. शुद्ध सोन्याची दोन-तीन मिलिमीटर व्यासाची चकती प्लास्टिकच्या दांड्यात बसवलेली मिळते, तीच घ्या. घरच्यांना ‘सोनं घेतलं’ असं सांगू नका. पुढचे प्रश्न वजनाचे येतात.

पायरी पहिली: घासा. ओल्या कापडावर अॅल्युमिनाची पूड घ्या, आधी 1 मायक्रॉनची, मग 0.3 ची, मग 0.05 ची, आणि इंग्रजी आठचा आकडा काढत इलेक्ट्रोड फिरवा. एकाच दिशेने घासलंत तर चरे पडतात. नंतर अल्ट्रासोनिक बाथमध्ये धुवा, नाहीतर पुढचे दोन आठवडे तुम्ही सोन्याचा नव्हे, अॅल्युमिनाचा अभ्यास कराल. मग अर्धा मोलर सल्फ्युरिक अॅसिडमध्ये पोटेन्शिओस्टॅटने व्होल्टेज वर-खाली फिरवा. सोन्यावर ऑक्साइड चढतं आणि परतताना सुमारे 0.9 व्होल्टजवळ (सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या तुलनेत) एक टोकदार खड्डा दिसतो. हा खड्डा दर फेरीत तंतोतंत त्याच जागी, त्याच खोलीचा येऊ लागला की सोनं स्वच्छ झालं. त्याखालचा विद्युतभार 390 मायक्रोकुलोम दर चौरस सेंटिमीटर या हिशेबाने भागला की चकतीचं खरं क्षेत्रफळ मिळतं. ते पट्टीने मोजलेल्यापेक्षा जास्त असतं, कारण सोनं डोळ्याला दिसतं तितकं सपाट नसतं. ही पायरी कंटाळवाणी असल्यामुळे सगळे उरकतात आणि पुढच्या सगळ्या पायऱ्यांचं खापर अँटीबॉडीवर फोडतात.

काही पुस्तकं यासाठी पिराना सुचवतात: तीन भाग तीव्र सल्फ्युरिक अॅसिड, एक भाग तीस टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड. ते सेंद्रिय असलेलं सगळं खातं आणि थोडंसं अॅसिटोन भेटलं तर फुटतं. बंद बाटलीत ठेवलं तर नुसत्या वायूच्या दाबानेही फुटतं. 26 मे 2016 आणि 23 मे 2024 या कारखान्यांतल्या स्फोटांच्या तारखा ज्या डोंबिवलीला ठाऊक आहेत, तिथे झाकण लावू नका हे दोनदा सांगावं लागू नये. अॅल्युमिनावर भागवा.

पायरी दुसरी: गंधक. सोन्याला गंधकाचं आकर्षण आहे हे 1983 मध्ये नुझो आणि अलारा यांनी नीट दाखवलं आणि तेव्हापासून अर्धं पृष्ठभागशास्त्र त्यावर जगतं आहे. एका टोकाला गंधक आणि दुसऱ्या टोकाला कार्बोक्सिल असलेली थायॉलची लांब साखळी अल्कोहोलमध्ये विरघळवा, त्यात इलेक्ट्रोड रात्रभर बुडवून ठेवा. गंधक सोन्यावर बसतो, साखळ्या शेजारी-शेजारी उभ्या राहतात आणि कार्बोक्सिलचं एक रान तयार होतं. बसायला काही मिनिटं पुरतात. रांगेत नीट उभं राहायला रात्र लागते. म्हणून घाई करू नका, घरी जा.

इथे दोन अडचणी आहेत. पहिली कागदी: शुद्ध अल्कोहोल प्रयोगशाळेला लागतं हे राज्य उत्पादन शुल्क विभागाला पटवून द्यावं लागतं, परवाना आणि नोंदवही लागते. तुमचं संशोधन किती मिलिलिटरचं आहे हे तुमच्या गाइडपेक्षा त्या नोंदवहीला आधी कळतं. दुसरी वासाची: आखूड थायॉल भयंकर घाण मारतात. स्वयंपाकाच्या गॅसला गळती कळावी म्हणून जो वास घालतात तोही याच कुळातला, इथाइल मर्कॅप्टन. त्यामुळे बाटली धुराड्याबाहेर उघडलीत तर आजूबाजूचे लोक खिडक्या उघडतील, रेग्युलेटर बंद करतील आणि गॅसवाल्यांना फोन लावतील. अकरा कार्बनची लांब साखळी त्या मानाने सभ्य आहे. तिच्यात थोडी आखूड, टोकाला कार्बोक्सिल नसलेली साखळी मिसळा. कारण असं: एक थायॉल जेमतेम 0.2 चौरस नॅनोमीटर जागा घेतो आणि अँटीबॉडी दहा-पंधरा नॅनोमीटरची असते. एकेका अँटीबॉडीखाली शेकडो साखळ्या येतात. त्या सगळ्यांनीच धरायला हात पुढे केले तर अँटीबॉडी आडवी पडते.

पायरी तिसरी खरी परीक्षेची, आणि ती परीक्षा रसायनशास्त्रापेक्षा हवामानखात्याची आहे. कार्बोक्सिल स्वतःहून कोणाला धरत नाही. त्याला ईडीसी नावाचं कार्बोडायइमाइड उठवतं आणि एनएचएस त्याला काही काळ उठलेला ठेवतं. मग अँटीबॉडीवरचा एखादा अमिन गट त्याच्याशी पक्का बंध बांधतो. ईडीसी पाण्याला अतिशय भोळं आहे. ओलावा मिळाला की अँटीबॉडीची वाट न पाहता पाण्याशीच संसार थाटतं. म्हणून बाटली उणे वीस अंशांवर, कोरडी ठेवायची असते. आता जुलै महिना, ठाण्याची हवा. उणे वीसमधून काढलेली बाटली टेबलावर ठेवली की क्षणात तिला घाम फुटतो. त्याच वेळी झाकण उघडलंत तर खाडीवरून आलेली सगळी ओल आत जाते, पांढरी पूड ढेकळं धरते आणि महिनाभराचं काम तिथेच बुडतं, पण तुम्हाला ते कळतं ऑगस्टमध्ये. उपाय एकच: बाटली बंदच ठेवून डेसिकेटरमध्ये खोलीच्या तापमानाला येऊ द्या, अर्धा तास तरी, आणि मगच उघडा. द्रावण दर वेळी ताजं करा. उरलेलं ‘उद्याला’ ठेवू नका. डेसिकेटरमधली निळी सिलिका गुलाबी झाली असेल तर ती ओल प्यायली आहे, ओव्हनमध्ये तापवा. गुलाबी रंग डोंबिवलीकरांना दचकवणार नाही हे मान्य, फेब्रुवारी 2020 मध्ये एमआयडीसीतला रस्ताच गुलाबी झाला होता. पण सिलिकाचा गुलाबी रंग निदान कशाचा आहे ते माहीत असतं.

ईडीसीला किंचित आम्ल आवडतं, पीएच 5 ते 6, आणि अमिनला बंध बांधायला सात-साडेसात. दोघांची आवड जुळत नाही म्हणून काम दोन टप्प्यांत करायचं: आधी एमईएस बफरमध्ये पंधरा-वीस मिनिटं पृष्ठभाग जागवायचा, पटकन धुवायचा, मग फॉस्फेट बफरमधली अँटीबॉडी वर ठेवायची. ट्रिस बफर घेऊ नका. ट्रिसच्या रेणूलाच अमिन असतो आणि तो अँटीबॉडीच्या आधी सगळी कार्बोक्सिलं पटकावतो. बफर म्हणून जे कपाटात दिसेल ते ओतणाऱ्या मंडळींसाठी हे वाक्य मी ठळक अक्षरात छापा म्हणून सांगितलं होतं.

आता अँटीबॉडीची बाटली. केलर आणि मिलस्टीन यांनी 1975 मध्ये एकाच जातीची अँटीबॉडी हवी तितकी बनवण्याची युक्ती शोधली. तिचं पेटंट त्यांनी घेतलं नाही, 1984 मध्ये नोबेल मात्र घेतलं. त्या पेटंट नसलेल्या युक्तीने बनलेली शंभर मायक्रोग्रॅम अँटीबॉडी आज तुमच्या विभागाला मोटारसायकलचे हप्ते आठवतील अशा भावात पडते. (स्वस्तातलं हवं तर परळच्या हाफकिनची परंपरा आहे. तिथे सर्पविषावरच्या अँटीबॉडी घोड्याच्या रक्तातून घेतात. पण घोडा एका विषाविरुद्ध नाना तऱ्हेच्या अँटीबॉडी बनवतो. सर्पदंशावर ते वरदान आहे, इलेक्ट्रोडवर डोकेदुखी.) बाटली थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पाकिटांसह, बहुधा शुक्रवारी संध्याकाळी येते, जेव्हा विभागात फक्त वॉचमन असतो. वॉचमनकाकांना आधीच सांगून ठेवा: फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको. गोठणं आणि वितळणं वारंवार झालं की प्रथिनं एकमेकांना चिकटून गोळा होतात. म्हणून आधी छोट्या कुप्यांमध्ये वाटा, मगच गोठवा आणि एक कुपी एकदाच वितळवा. वीज गेली तर फ्रिजचं दार उघडून ‘अजून गार आहे का’ पाहू नका. पाहिल्यामुळेच ते गरम होतं.

आणि बाटलीबरोबरचा कागद वाचा. विकत मिळणाऱ्या अँटीबॉडीत तिला टिकवण्यासाठी बऱ्याचदा बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, घातलेलं असतं, कधी सोडियम अझाइड, कधी ग्लिसरॉल. बीएसएवर अमिन गट भरपूर असतात आणि ते अँटीबॉडीपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात असतं. ते धुऊन न काढता वापरलंत तर तुम्ही अत्यंत यशस्वीपणे सोन्यावर गाईचं अल्ब्युमिन बसवाल, आलेख सुंदर येईल आणि रेणू एकही पकडला जाणार नाही. बीएसए नसलेली अँटीबॉडी मागवा, नाहीतर छोट्या गाळणस्तंभातून बफर बदलून घ्या.

पायरी चौथी: दहा ते शंभर मायक्रोग्रॅम दर मिलिलिटर अशी अँटीबॉडी चकतीवर थेंबभर ठेवा, ओल्या टिशूसह झाकलेल्या पेट्री डिशमध्ये, तास-दोन तास. पावसाळ्यात टिशूची गरज नाही.

बसली. पण कशी बसली? एका अँटीबॉडीवर ऐंशीच्या आसपास लायसिन असतात, अंगभर विखुरलेले. कोणत्या अमिनने कार्बोक्सिलला धरायचं हे अँटीबॉडी तुम्हाला विचारत नाही. कोणी पायांवर उभी, कोणी कुशीवर, कोणी डोक्यावर, आणि डोक्यावर उभी असलेली रेणू पकडणार नाही. पुष्कळ अँटीबॉडी आहेत म्हणून खूश होऊ नका. कामाच्या किती, ते पाहा. सुधारणा करायची तर आधी प्रोटीन ए बसवा. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू ते बनवतो, आणि ते अँटीबॉडीला नेमकं पायाकडून, म्हणजे ‘वाय’च्या देठाकडून धरतं. जंतूने हे स्वतःच्या बचावासाठी शोधलं. अँटीबॉडी उलटी धरली की ती त्याला पकडू शकत नाही. आपण तीच खोडी सोन्यावर वापरतो. फक्त उंदराची आयजीजी-1 जात प्रोटीन एला फारशी चिकटत नाही, तिथे प्रोटीन जी घ्या. बहुतेक मोनोक्लोनल नेमक्या त्याच जातीच्या असतात, हे तुम्हाला प्रोटीन एची ऑर्डर आल्यानंतर आठवेल.

आता या सगळ्या उपद्व्यापातली मुख्य गोष्ट, जिच्यासाठी ही मार्गदर्शिका लिहिली. चिकटवणं अवघड नाही. प्रथिनं सोन्यावर, काचेवर, प्लास्टिकवर, तुमच्या पिपेटच्या आतदेखील न सांगता चिकटतात. अवघड आहे ते बाकीच्यांना चिकटू न देणं. लेबल नसल्यामुळे इलेक्ट्रोडला कोण आलं ते दिसत नाही, काहीतरी आलं एवढंच दिसतं. रक्तात अल्ब्युमिन लिटरला चाळीस ग्रॅमच्या आसपास असतं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं ट्रोपोनिन लिटरला दोन आकडी नॅनोग्रॅम. म्हणजे एका हव्या असलेल्या रेणूमागे वजनाने अब्जपट नको असलेली गर्दी. सकाळी आठ सतराच्या फास्टला डोंबिवलीत चढताना एखाद्याने आपल्या मित्रासाठी खिडकीजवळची जागा रुमाल टाकून राखावी आणि मित्र ठाण्याला चढणार असावा, तशी ही परिस्थिती: रुमालाला कोणी विचारत नाही. मोकळी दिसेल तिथे कोणीही बसतं. तेव्हा मोकळी जागा ठेवूच नका. पायरी पाचवी, ब्लॉकिंग: उरलेली जागवलेली कार्बोक्सिलं इथेनॉलअमिनने (1 मोलर, पीएच 8.5) मिटवा, मग मुद्दाम बीएसए घालून उरलेलं सोनं भरून टाका. मघाशी ज्याला हाकललं त्याच बीएसएला आता बोलावतो आहोत, पण अँटीबॉडी बसल्यानंतर. क्रम चुकवू नका.

पायरी सहावी, मोजमाप. पाच मिलिमोलर फेरो-फेरीसायनाइडच्या पिवळट द्रावणात इलेक्ट्रोड ठेवा. दहा मिलिव्होल्टची छोटी उलटसुलट लाट 100 किलोहर्ट्झपासून 0.1 हर्ट्झपर्यंत सोडा आणि आलेख काढा. एक अर्धवर्तुळ दिसेल. पृष्ठभागावर जितके थर, तितकं आयनांना सोन्यापर्यंत पोहोचणं कठीण, तितकं अर्धवर्तुळ मोठं. नुसत्या सोन्यावर चिमुकलं, थायॉलनंतर मोठं, ईडीसीनंतर अनेकदा परत लहान (कार्बोक्सिलचा ऋणभार झाकला जातो, ऋणभारित फेरीसायनाइडला येणं सोपं जातं), अँटीबॉडीनंतर पुन्हा मोठं. ईडीसीनंतर लहान झालं तर घाबरून सगळं फेकू नका. लहान होणं हे काम बरोबर चालल्याचं लक्षण असू शकतं. इलेक्ट्रोड या द्रावणात तासन्‌तास ठेवून जेवायला मात्र जाऊ नका. त्यातलं थोडं सायनाइड सुटतं आणि सोनं हळूहळू खातं.

50 हर्ट्झच्या जागी आलेखावर एखादा बिंदू रांग सोडून उडाला तर तो शोध नव्हे, महावितरणचा प्रवाह आहे. सगळं पत्र्याच्या डब्यात ठेवून डब्याला अर्थिंग द्या. फरसाणचा मोठा चौकोनी डबा उत्तम चालतो. अमेरिकन कंपनीचा तोच डबा फॅराडे केज या नावाने महाग मिळतो.

पायरी सातवी टाळण्याची प्रथा आहे. शेजारी दुसरा इलेक्ट्रोड घ्या. त्यावर सगळं तेच करा, फक्त अँटीबॉडी अशी बसवा जिचा तुमच्या रेणूशी काडीचाही संबंध नाही. मग दोन्हींवर एकच नमुना सोडा. दुसऱ्याचं अर्धवर्तुळही तितकंच वाढलं तर तुम्ही ट्रोपोनिन मोजलं नाही, गर्दी मोजली. बफरमध्ये हा इलेक्ट्रोड गप्प बसतो. रक्तद्रवात तो बोलू लागतो. म्हणून कित्येक शोधनिबंधांत रक्तद्रव शंभरपट पातळ केलेला आढळतो, आणि तेवढ्या पाण्यात कोणतीही गर्दी ओसरते.

इतकं वाचून कल्याणचा एखादा पॅथॉलॉजिस्ट विचारेल की पावसाळ्यात त्याच्याकडे डेंग्यूचं कार्ड आहे, थेंब टाकला की पंधरा-वीस मिनिटांत लाल रेघ येते, तीही अँटीबॉडीचीच, मग हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. त्या कार्डात अँटीबॉडी कागदी पट्टीवर नुसती शोषली गेलेली असते, ईडीसी नाही, थायॉल नाही, आणि लाल रंग सोन्याच्या कणांचा, म्हणजे लेबलचा. तिथे ते पुरतं, कारण प्रश्न हो की नाही एवढाच आहे. ट्रोपोनिनमध्ये एवढ्यावर भागत नाही. आल्या आल्या किती होतं आणि एक ते तीन तासांनी किती झालं, या फरकावर डॉक्टर निर्णय घेतात. ते दोन आकडे दोन वेगळ्या इलेक्ट्रोडवरून येणार. इलेक्ट्रोडच एकमेकांशी जुळत नसतील तर वाढ रुग्णात झाली की तुमच्या घासण्यात, हे कोणी सांगू शकणार नाही.

तेव्हा पहिल्याच दिवशी एक बनवू नका, एकसारखे दहा बनवायला घ्या. दहाही मोजा, कितींची अर्धवर्तुळं जवळपास आली ते वहीत लिहा. आणि गाइडकडे जाताना सर्वांत देखणा आलेख निवडून नेऊ नका, दहाही न्या.